भिंतीवरची इसापनीती

ओट्यामागच्या भिंतीवर कोल्हा आणि करकोचा, मुलांच्या खोलीत ससा-कासव, बाल्कनीत मडक्यावर बसलेला कावळा. अशा टाइल्स लावायचं ठरलं की दुकानात आपला पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा रंगाचा. माझ्या मते हे दोन्ही नंतरचे. आधी ठरवायचं ते हे, की गोष्टीतला नेमका कोणता क्षण टाइलवर घ्यायचा. मग विचारायचं ते हे, की रंग भट्टीच्या कोणत्या टप्प्यावर लागणार आहे. पहिलं चुकलं तर टाइल भिंतीवर असूनही आठवड्याभरात कुणी तिच्याकडे बघेनासं होतं. दुसरं चुकलं तर दोन-चार वर्षांत चित्रच उरत नाही.

क्षणापासून सुरुवात करू, कारण तो निवडायला पैसे पडत नाहीत.

गोष्ट सांगणाऱ्याकडे वेळ असतो, टाइलकडे सहा इंचांचा चौकोन. त्यात सुरुवात, मध्य, शेवट सगळं कोंबायला गेलं की प्राणी मुंगीएवढे होतात आणि लांबून नुसते डाग दिसतात. शिवाय त्याची गरजही नसते. बघणाऱ्याला गोष्ट लहानपणापासून पाठ आहे. त्याला फक्त अशा जागी आणून सोडायचं, की पुढचं तो मनात पुरं करेल. म्हणून साधारण नियम असा, की निकाल लागायच्या आधीचा क्षण घ्यावा. पंचतंत्रातल्या सिंह-सशाच्या गोष्टीत सिंह विहिरीत पडल्यावर चित्रात उरतं काय? पाण्याचे शिंतोडे. त्याऐवजी काठावर वाकलेला सिंह, खाली तसाच दुसरा, आणि बाजूला अंग चोरून उभा असलेला ससा काढा. कासव आणि दोन हंसांच्या गोष्टीत कासव खाली पडलेलं नको. तोंडात काठी गच्च धरून ते अजून आभाळात आहे आणि खाली गावातली माणसं बोटं दाखवताहेत, हे हवं. ससा-कासवात शर्यतीची शेवटची खूण काढायचा मोह सगळ्यांना होतो. पण झोपलेल्या सशाच्या शेजारून कासव निघालंय, एवढ्यात सगळी गोष्ट आहे.

या नियमाला एक सणसणीत अपवाद आहे, तो द्राक्षांचा. उडी मारणारा कोल्हा हा कुठलाही भुकेला कोल्हा असतो. तो पाठ फिरवून चालू लागलाय आणि मान जराशी वळवून अजून वर बघतोय, तेव्हा तो आपल्या ओळखीचा होतो. ती गोष्ट प्रयत्न फसल्यानंतर सुरू होते, म्हणून तिथे क्षणही नंतरचाच घ्यायचा. कारागिराला नुसतं ‘कोल्हा-द्राक्षं काढा’ म्हणून सांगितलंत, तर तो उडीच काढणार. तेव्हा तुम्हाला काय हवंय ते सांगावंच लागतं.

एका क्षणात अख्खी गोष्ट कशी मावते हे बघायचं असेल, तर मामल्लपुरमचं मोठं शिल्प बघा. टाइलचा तिथे संबंध नाही, ती सातव्या शतकातली दगडातली कोरणी आहे. देव, ऋषी, हत्ती यांच्या गर्दीत खाली एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पंजे वर करून तप करतंय आणि भोवती उंदीर जमलेत. मांजरानं अजून एकाही उंदराला हात लावलेला नाही. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे आणि उंदरांना नाही, एवढ्यावर ते चित्र उभं आहे. टाइलवर यापेक्षा जास्त काही लागत नाही.

टाइलवर गोष्टी आणण्याची हौस युरोपात बरीच जुनी. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ साली प्रतिज्ञापत्रच केलं, की २७ जुलैला सहा तासांत आपण बाराशेहून जास्त टाइल्स छापल्या. ठशावरचं चित्र आधी कागदावर आणि कागदावरून टाइलवर, अशी ती युक्ती होती. इसापच्या गोष्टींची त्यांच्याकडची काळ्या रंगातली मालिका १७७०च्या दशकातली. त्यानंतर शंभर वर्षांनी स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कारखान्यासाठी जॉन मॉयर स्मिथ यांनी इसापनीती रेखाटली. त्यांची रीत एका टाइलला एक गोष्ट अशी होती. लिस्बनमध्ये वेगळाच थाट आहे. तिथल्या साओ व्हिसेंते दे फोरा या मठात फ्रेंच कवी ला फोंतेनच्या प्राणिकथांची ३८ भित्तिचित्रं निळ्या-पांढऱ्या टाइल्समध्ये आहेत, आणि एकेक चित्र अनेक टाइल्स जोडून केलेलं आहे.

यातलं कोणतंही आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. ला फोंतेननं १६७८च्या संग्रहात आपण पिलपे नावाच्या भारतीय ज्ञान्याचे ऋणी असल्याचं लिहून ठेवलंय. पिलपेच्या नावावर युरोपात जे फिरत होतं, ते अरबी-फारसीतून तिकडे पोचलेलं पंचतंत्रच. इसापही आपल्याकडे लवकर आला. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली ‘बालबोधमुक्तावली’ निघाली, ती इसापच्या गोष्टींचीच. म्हणून इसाप की पंचतंत्र असा वाद न घालता जी गोष्ट घरात खरोखर सांगितली जाते, ती घ्या. चिऊ-काऊची घरं किंवा भोपळ्यातून निघालेली म्हातारी आणि तिची वाट अडवणारे वाघ-कोल्हे यांच्या टाइल्स बाजारात तयार मिळायच्या नाहीत. करून घेण्यात मजा आहे ती अशाच गोष्टींची.

आता एका टाइलची एक गोष्ट घ्यायची की अनेक टाइल्सचं मोठं चित्र? फ्लॅटमधल्या भिंतीसाठी मी सरळ पहिली बाजू घेतो. एक टाइल तडकली तर एकच बदलायची. मोठ्या चित्रातली एक गेली, तर तोच निळा रंग दुसऱ्या भट्टीत पुन्हा मिळेल याची खात्री कुणी देत नाही. तरीही मोठं चित्रच हवं असेल, तर पणजीला गेल्यावर मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातली टाइल्सची चित्रं नीट बघून या. जोर्ज कोलासू यांची ती १९३५ची चित्रं लुझियाड या पोर्तुगीज महाकाव्यातल्या प्रसंगांची आहेत, प्राणिकथांची नाहीत. पण सांधे कुठे पडू द्यायचे हे तिथे शिकायला मिळतं. प्राण्याचा डोळा, चोच, नाक यावरून सांधा जाऊ देऊ नये. कच्च्या आराखड्यावर चौकोनांची जाळी आखून मगच चित्र बसवावं, आणि प्रत्येक टाइलच्या पाठीमागे भाजण्याआधीच क्रमांक घालून घ्यावा. पेन्सिलीनं घातलेला क्रमांक भट्टीत जळून जातो. तो खोदून किंवा भट्टीत टिकणाऱ्या रंगानं घालायला सांगा.

जोडीच्या टाइल्स हा मधला मार्ग आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही. कोल्हा-करकोच्याची गोष्ट मुळातच दोन जेवणांची आहे: एकात पसरट थाळी, दुसऱ्यात अरुंद तोंडाची सुरई. जेवणाच्या टेबलाजवळ दोन टाइल्स शेजारी शेजारी लावल्या, की तिसऱ्या सजावटीची गरज पडत नाही.

टाइलवर तात्पर्य लिहू नका. गोष्ट सांगून झाल्यावर पुन्हा बजावण्यासारखंच ते होतं, आणि भिंत तर रोज बजावणार. अक्षरं हवीच असतील तर गोष्टीचं नाव पुरे. तेही कारागिराला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि कच्च्या चित्रावर स्वतः तपासा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक एकदा भट्टीतून निघाली की घराच्या आयुष्याएवढी टिकते.

चित्र कुठलं वापरायचं याचाही विचार हवा. गोष्टी जुन्या आहेत, त्यांवर कुणाचा हक्क नाही. चित्रांचं तसं नाही. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. त्यामुळे लहानपणच्या आवडत्या पुस्तकातलं पान कारागिरापुढे ठेवून ‘अगदी असंच’ म्हणणं बरोबर नाही. मॉयर स्मिथ १९१२ मध्ये गेले, त्यांच्या मालिकेवरून प्रेरणा घ्यायला हरकत नाही. त्याहून बरं म्हणजे घरातल्या चित्र काढणाऱ्या मुलालाच बसवा.

इथून पुढे भट्टीची गोष्ट. टाइलवर रंग लावायच्या चार-पाच रीती आहेत आणि दुकानदार त्या सगळ्यांना ‘सिरॅमिक प्रिंट’ म्हणून मोकळा होतो.

पहिली, झिलईच्या खालचा रंग. कच्च्या भाजलेल्या टाइलवर चित्र, त्यावर पारदर्शक ग्लेझ, म्हणजे झिलई, आणि पुन्हा भट्टी. चित्रावर काचेचा थर बसतो, त्यामुळे फोडणीचे शिंतोडे, घासणी, साबण काहीही चित्रापर्यंत पोचत नाही. निळा रंग इतका जुना आणि इतका सर्वत्र दिसतो त्याचं कारण आवडीत कमी आणि रसायनात जास्त आहे. कोबाल्ट मोठ्या आचेला टिकतो. तांब्यापासून हिरवा, मँगेनीजपासून जांभळट तपकिरी, लोखंडापासून तपकिरी मिळतो. लाल मात्र अवघड. ओट्यामागे लावायचं असेल तर याच रीतीचा आग्रह धरा.

दुसरी, पांढऱ्या अपारदर्शक ग्लेझच्या न भाजलेल्या थरावर रंगवायची. पोर्तुगालच्या जुन्या अझुलेजोंची, म्हणजे तिथल्या रंगवलेल्या टाइल्सची, ही रीत. तो थर पिठासारखा असतो आणि ओला कुंचला टेकला की रंग शोषून घेतो. खोडता येत नाही. म्हणून त्या चित्रांच्या रेषेत एक घाई दिसते, आणि तीच छान दिसते. हीही टिकाऊच.

तिसरी, भाजून झालेल्या चकचकीत टाइलवर रंग किंवा छापील डेकल लावून ७०० ते ८५० अंशांच्या सौम्य भट्टीत पक्कं करायचं. यात लाल, गुलाबी, सोनेरी सगळं मिळतं आणि बारीक रेषाही येतात. पण रंग काचेच्या वर बसलेला असतो. टाइल उजेडात तिरपी धरा. चित्राच्या कडेला चमक बदललेली दिसते, नखाला किंचित उंचवटा लागतो. शोभेच्या भिंतीला हे चालतं. जिथे रोज घासपूस होते तिथे नको. लिव्हरपूलचे ठसेही असेच झिलईच्या वर होते.

चौथी म्हणजे भेटवस्तूंच्या दुकानातली ‘फोटो टाइल’. तिच्यावर प्लास्टिकसारख्या पदार्थाचा लेप असतो आणि त्यात साधारण २०० अंशांच्या गरम दाबयंत्रानं चित्र उतरवलेलं असतं. भट्टीचा तिथे संबंधच नाही. उन्हात ती फिकी पडते, शेगडीजवळ लेप खराब होतो. ओळखायचं सोपं आहे: कडेला चाकूचं टोक हलकेच फिरवा, पापुद्रा निघाला की समजा. वाईट वस्तू नाही ती, फक्त तिची जागा भिंत नव्हे, शोकेस.

जयपूरच्या निळ्या पॉटरीच्या टाइल्स वेगळ्या खात्यात टाकाव्या लागतात. त्यांत नेहमीची चिकणमाती नसतेच. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती आणि कतिरा डिंक यांचं ते मिश्रण साच्यात घालून कमी आचेवर भाजतात. निळा आणि फिरोजी रंग असा दुसरीकडे मिळत नाही, आणि पक्षी तर तिथले कारागीर डोळे मिटून काढतात. मात्र अंग नाजूक. कोरड्या भिंतीवर लावा, फरशीवर किंवा नळाखाली नको.

ऑर्डर देताना कागदावर काय लिहून द्यायचं? तयार टाइलचं माप, जाडी, संख्या, रंग झिलईखाली की वर, आणि नमुन्याची एक टाइल आधी भाजून दाखवण्याची अट. मापाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. माती वाळताना आणि भाजताना आकसते. स्टोनवेअरची माती साधारण १२ टक्के. म्हणजे १५ सेंटिमीटरची टाइल हवी तर कच्ची जवळजवळ १७ची कापावी लागते. हे गणित कारागिराचं. तुम्ही माप ‘भाजून झाल्यावरचं’ असं स्पष्ट लिहा, एवढंच. दुसरं, आपल्या स्वयंपाकघरांत भिंतीच्या टाइल्स बऱ्याचदा ३०० बाय ४५० मिलिमीटरच्या असतात. त्यातली एक काढून तिथे चित्रांच्या सहा टाइल्स बसतात, पण त्या १५०च्या नव्हे, १४८च्या हव्यात. मधल्या दोन-दोन मिलिमीटरच्या सांध्यांना जागा लागते. हातानं केलेल्या टाइल्स एकमेकींशी मिलिमीटरभर कमीजास्त असतातच. त्यावरून वाद घालू नका. वाकलेली टाइल मात्र परत करा. सपाट लादीवर पालथी ठेवून कोपरा दाबला की ती डुलते.

किती टाइल्स चित्रांच्या? कमी. प्रत्येक टाइलवर प्राणी असला की भिंत गोंगाट करते. आठ-दहा साध्या टाइल्समागे एक चित्राची, आणि तीही रांगेत न लावता थोडी विखरून. लहान मुलांच्या खोलीत त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, तुमच्या नव्हे. जिन्याच्या पायऱ्यांच्या उभ्या भागावरही या टाइल्स शोभतात. सोसायटीच्या जिन्यात कोपऱ्यात थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावतात, तिथे कोल्ह्याचा काही उपयोग होईल असं मला वाटत नाही.

गवंडी यायच्या आधी एक काम स्वतः करा. टाइल्सच्या मापाचे कागद कापून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. मिक्सरचा प्लग, गॅसची नळी, टांगलेली झारी-पळी कुठे येते ते लक्षात येतं. स्विचबोर्डसाठी करकोच्याचं डोकं कापलेलं पाहण्यापेक्षा हे बरं. टाइल भिजवायची की नाही यावरून मालक आणि गवंडी यांची बाचाबाची ठरलेली. सिमेंटच्या मालात बसवायची तर पाणी शोषणारी टाइल आधी भिजवतात. तयार अॅडहेसिव्ह वापरायचं तर सहसा कोरडीच लावतात. पिशवीवर लिहिलेलं वाचून काढा. हातानं केलेल्या टाइल्सना अॅडहेसिव्ह जास्त सोयीचं, कमीजास्त जाडी त्यात सांभाळता येते. पाठीमागे पोकळ जागा राहता कामा नये. वाळल्यावर बोटानं वाजवून बघा, आवाज पोकळ आला तर तेव्हाच काढून घ्या.

सांध्यात पांढरं सिमेंट भरायची आपली जुनी सवय. शेगडीमागे ते महिन्याभरात हळदीनं पिवळं होतं. तिथे इपॉक्सी ग्राउट घ्या, रंग फिकट राखाडी. लावताना टाइलवर पसरलेलं लगेच पुसायला लावा, नंतर ते निघता निघत नाही. हळदीची दुसरी वाट म्हणजे ग्लेझमधल्या केसासारख्या बारीक भेगा. अंग आणि झिलई यांचं आकुंचन जुळलं नाही की त्या पडतात. दिवाणखान्यात त्यांना कुणी नावं ठेवत नाही, उलट जुनेपणाची शोभा म्हणून खपतात. स्वयंपाकघरात त्यांत पिवळं शिरतं ते कायमचं. नमुन्याच्या टाइलवर हळदीचं तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसून बघा. हीच खरी परीक्षा.

सफाईला पाणी, साधा साबण आणि मऊ फडकं. संडास धुवायचं अॅसिड या भिंतीजवळ आणू नका, ते सिमेंटचे सांधे खातं आणि झिलईवरच्या रंगालाही सोडत नाही. तारेची घासणीही नको.

जुन्या बाजारात मिंटनची खरी टाइल सापडली तर पाठ बघा. मिंटन आणि मिंटन हॉलिन्स हे १८६८ नंतर वेगळे कारखाने होते, शिक्क्यावरून ते कळतं. नुसत्या ‘मिंटन’ शब्दावर भाव ठरवू नका. आणि एखाद्या पाडकामातून निघालेली नसून उभ्या इमारतीतून उचकटलेली वाटली, तर घेऊच नका. मुंबईत अफगाण चर्चसारख्या वास्तूंमध्ये मिंटनच्या फरश्या अजून आहेत, त्या तिथेच राहायला हव्यात.

मुलांना हाताशी घेऊन करायचं असेल, तर जवळच्या सिरॅमिक स्टुडिओत चौकोनी बिस्किट टाइल्स, म्हणजे एकदाच कच्च्या भाजलेल्या, मिळतात का विचारा. मुलांनी रंगवायचं, ग्लेझ आणि भट्टी स्टुडिओकडे. घरच्या ओव्हनमध्ये दीडशे अंशांच्या आसपास पक्के होणारे पोर्सेलीनचे रंगही मिळतात, पण त्या टाइल्स कोरड्या जागीच लावायच्या. मुलांना आधी गोष्ट सांगा, मग विचारा, ‘कुठे थांबवायची?’ त्यांचं उत्तर बहुधा मोठ्यांपेक्षा बरं असतं.

शेवटचं एक. मोजून तेवढ्याच टाइल्स करवून घेऊ नका. साध्या असोत की चित्राच्या, दहातली एक जादा हवीच, आणि चित्राच्या प्रत्येक नमुन्याची निदान एक. त्या कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि खोक्यावर कारागिराचं नाव, रंगाचा क्रमांक आणि भट्टीचा महिना लिहा. पाच-सात वर्षांनी नळवाल्याच्या हातून कासवाची टाइल फुटली, की ते खोकं आधी उघडा आणि मगच त्याच्याशी भांडा.